गुळगुळीतपणाचा आरोप

'लव्हर्स लाइव्ह' हा शाडे या लंडनच्या सोल बँडचा २००२ सालचा अल्बम. १९८४च्या 'डायमंड लाइफ'नंतर अठरा वर्षांनी आलेले हे त्यांचे पहिले मैफलीचे ध्वनिमुद्रण. २००१च्या अमेरिकी दौऱ्यातले. त्यावरचा ठरलेला आक्षेप असा की, गाणी स्टुडिओतल्यासारखीच गुळगुळीत वाजतात. मग मैफल कशासाठी?

मांडणीत धक्के नाहीत, हे आम्हांला मान्य आहे. पण घाम आणि किंकाळी हीच जिवंतपणाची खूण, हे कोणी ठरवले? भरल्या प्रेक्षागृहासमोर, आवाज न चढवता, 'स्लेव्ह साँग'सारखे गुलामगिरीच्या स्मृतीचे गाणे गाणे हा संयम मैफलीतच कसाला लागतो. स्टुडिओत चूक पुसता येते. इथे ती सोय नसते. 'जेझेबेल'मध्ये स्टुअर्ट मॅथ्यूमनचा सॅक्सोफोनही गायिकेवर कुरघोडी करत नाही.

हा दोष केवळ संगीतसमीक्षेचा नाही. साहित्याच्या वर्गांतही आपण आक्रोशाला अनुभूती मानतो आणि शांत वाक्याला नुसती कारागिरी म्हणून मोडीत काढतो. अल्बम नावडला तर आमची हरकत नाही. मात्र नावडीचे कारण स्वरांत दाखवावे. मृदुता हा गुन्हा नव्हे.