टाका वाकडा पडला तरी राहू द्या

मे महिना लागला की रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या वाड्यांपासून नव्या वसाहतींतल्या फ्लॅटपर्यंत अनेक मराठी घरांत पुण्याहून, बंगळुरूहून नातवंडे येतात. बाहेर पारा ४४ अंशांकडे सरकत असतो आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी दाराबाहेर पाऊल टाकायची सोय राहत नाही. कूलरसमोरचे हे चार-पाच तास हल्ली मोबाईलच्या ताब्यात जातात. त्यावरचा लोकप्रिय उतारा म्हणजे फी भरून समर कॅम्प. तिथे मूल एक पिशवी किंवा टी-शर्ट रंगवते, फोटो निघतो आणि वस्तू कपाटात पडते. ज्या घरात आजीला सुई-दोरा धरता येतो, तिथे याहून बरे काही होऊ शकते. मात्र तिने घरचा समर कॅम्प काढू नये. शिकवण्याचा आवच आणू नये. घरात खरोखर लागणारी एक गोधडी नातवंडांना बरोबर घेऊन शिवावी, आणि मुलांनी घातलेले टाके रात्री गुपचूप उसवून सरळ करू नयेत.

गोधडीच का, याचे उत्तर तिच्या बांधणीत आहे. जुन्या सुती लुगड्यांचे दोन-तीन थर धावदोऱ्याने एकमेकांना धरून ठेवायचे, एवढेच तिचे तंत्र. तिची मजबुती टाक्यांच्या सरळपणावर नसते, त्यांच्या संख्येवर असते. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाचा वाकडा टाकाही आजीच्या टाक्याइतकाच भार वाहतो. भरतकामात किंवा विणकामात ही उदारता नाही. पण म्हणून काहीही चालते असेही नाही. टाका फार लांब पडला तर पांघरताना त्यात पायाचे बोट अडकते. चूक कापडच दाखवते, आजीला रागवावे लागत नाही. कापड रंगवण्याची जोड यासाठी हवी, की शिवणाचे फळ उशिरा मिळते आणि मुलांना पहिल्याच दिवशी काहीतरी दिसावे लागते. जुन्या पांढऱ्या चादरीचे चौकोन कापून रंगवायला द्यावेत. अनेकदा धुतलेल्या कापडातली खळ गेलेली असते, त्यामुळे रंग नीट धरतो. पुरता वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवली की पक्का होतो. रंगाच्या थरातून सुई जड जाते, तेव्हा टाके चित्राच्या कडेने फिरवावेत. चित्राला उठाव येतो तो त्यामुळेच.

हाताने काम करता करता शिकण्याचा हा विचार या भागाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा वर्धा आणि रायपूर एकाच मध्य प्रांतात होते, आणि प्रांताचे शिक्षणमंत्री होते रायपूरचे रविशंकर शुक्ल. त्यांनी गावोगावच्या शाळांसाठी विद्यामंदिर योजनाही आखली. पुढे शाळांतून हा हस्तोद्योग, म्हणजे मूलोद्योग, वेळापत्रकातला एक तास होऊन बसला. माझ्या मते त्याचे मोठे कारण असे, की मुलांनी काढलेल्या सुताची वाट पाहणारे शाळेत कोणी नव्हते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत, तिथेही हाताचे काम नुसता तास होऊन बसण्याची तीच भीती आहे. घराची गोष्ट वेगळी. रायपूरच्या मेमध्ये गोधडी म्हटले की हसू येईल, पण रात्रभर कूलर चालला की पहाटे पातळ पांघरूण लागतेच. ते ज्याला लागणार, तो मावसभाऊ शेजारच्या गादीवर झोपलेला असतो.

आक्षेप घेणारे म्हणतील, ही गरिबीची कला आहे, तिचे कौतुक पोटभरल्यांनी का करावे? आक्षेप खरा आहे. गोधडी हौसेतून जन्मली नाही, आणि उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी ही गोधडीही नाही. पण हाताला आलेले काम परिस्थिती बदलल्यावर टाकून द्यावे असा काही नियम नाही. छत्तीसगडच्याच सरगुजातल्या जमगला गावच्या बायकांनी अंगावरच्या गोंदणाच्या आकृत्या साड्यांवर आणि चादरींवर उतरवल्या. साधन बदलले म्हणून ती कला खोटी ठरली नाही. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: आजीवर आणखी एक काम. तिचे गुडघे, तिची नजर, त्यात नातवंडांसाठी रोजचा आंबरस. आजोबांनी स्वयंपाकघर सांभाळावे किंवा सुया ओवून द्याव्यात. हे जमणार नसेल तर बेत न केलेला बरा. आणि पलंगभर गोधडीचा हट्टही नको. पंधरा दिवसांच्या मुक्कामात बाळाचे दुपटे किंवा बसायचे आसन पुरे होते. नातवाला रंग आणि नातीला सुई अशी वाटणी मात्र होता कामा नये. संत नामदेव शिंपी होते आणि आजही बाजारात शिवणयंत्रावर बहुधा पुरुषच बसलेले दिसतात, तरी घरातली सुई मुलीकडेच का सरकते, हे आई-वडिलांनी एकदा तपासून पाहावे.

भाषेचा लाभ मी मुद्दामच शेवटी ठेवला आहे, कारण मराठी टिकवण्यासाठी म्हणून बसवले की मुले उठून जातात. रायपुरातली मुले हिंदीत खेळतात, बाहेरून येणारी इंग्रजीत. पण 'कड दुमड', 'दोरा ताणू नकोस', 'गाठ आतून मार' हे हात चालताना कानावर पडते तेव्हा समजून घेण्यावाचून इलाज नसतो. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी मेमधल्या दुपारी एखादी खोली यासाठी उघडी ठेवली, तर ज्यांच्या आज्या दूर आहेत किंवा नाहीत त्या मुलांचीही सोय होईल. जुनी लुगडी मागवावीत, सतरंजी अंथरावी, पाण्याचा माठ भरावा. स्पर्धा आणि प्रमाणपत्रे मात्र ठेवू नयेत; बक्षीस लागले की मुलांचे टाके आया घालू लागतील.