पडद्यावरचा लंबक

सांगलीच्या विश्रामबागेत १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आहे, तसेच १९४७ सालचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. तुमच्यापैकी काहीजण दोन-चार वर्षांत अशाच एखाद्या महाविद्यालयात जातील. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातील सर्व महाविद्यालये बंद झाली. व्याख्याने मोबाइलवर होऊ शकली, पण प्रयोगांचे काय?

केंद्र सरकारच्या प्रकल्पातील ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ तेव्हा उपलब्ध होत्या. मुंबईची आयआयटी, पुण्याचे सीओईपी अशा संस्थांनी त्या तयार केल्या आहेत. बटण दाबावे, लंबक हलतो. सोय चांगलीच आहे. मग उपकरणांवर खर्च कशाला, असे म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. का, ते करूनच पाहा.

४ सेंटिमीटर व्यासाचा रबरी चेंडू ९८ सेंटिमीटर दोऱ्याने खिळ्याला टांगा. थोडासाच बाजूला नेऊन सोडा आणि २० आंदोलनांचा वेळ मोजा. तो ४० सेकंदांच्या किंचित वर येईल. एका आंदोलनाचा काल २.०१ सेकंद आला असे धरू. लांबी ९८ घेऊन गणित केले, तर गुरुत्वत्वरण सुमारे ९.६ येते. पुस्तकात तर ९.८! कुठे चुकले? घड्याळ? मोजणी? शोधता शोधता ध्यानात येते, की लांबी चेंडूच्या मध्यापर्यंत, म्हणजे १०० सेंटिमीटर घ्यायला हवी होती. ही दोन सेंटिमीटरची शोधाशोध म्हणजेच प्रयोग. पडद्यावर लांबी आधीच लिहिलेली असते, त्यामुळे ही चूक करण्याची संधीच मिळत नाही.

रसायनशास्त्रातही तेच. ब्युरेटच्या एका थेंबाने द्रावण गुलाबी होते. तो थेंब अलगद सोडायला बोटांना शिकावे लागते, आणि पहिल्या दोन-तीन खेपा वायाच जातात.

अर्थात खऱ्या प्रयोगशाळेतही उत्तर आधी ठरवून मागून आकडे भरणारे असतात. आम्हीही ते केले आहे! आणि किरणोत्सारासारखे प्रयोग आधी पडद्यावर पाहणे केव्हाही चांगले.

परंतु दूर राहून शिकणे म्हणजे केवळ पडदा असे कोणी ठरवले? ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगसाहित्याची पेटी घरपोच पाठवली. तीत छोटा सूक्ष्मदर्शकही असे. आपल्या महाविद्यालयांनाही तारा, भिंग, चुंबक आणि एक मल्टिमीटर एवढे पाठवता आले असते. पुन्हा तशी वेळ आली, तर निदान एवढी तयारी असावी.

शिक्षकांना एक विनंती: वहीत ९.६ लिहून आणणाऱ्या मुलाचे गुण कापू नका. त्याने लांबी कुठपर्यंत मोजली, एवढेच विचारा.