एका चुकीचा हिशेब राहिला

आमच्या क्षेत्रात सिस्टिम बंद पडली की नंतर अहवाल लिहावा लागतो. काय बिघडलं, कधी, कशामुळे. एकदा माझ्या चुकीमुळे ग्राहकांचे व्यवहार तासभर अडकले. अहवालात मी कारण मोघम लिहिलं. तीन महिन्यांनी तोच घोळ दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातून झाला. तेव्हा डॉक्टर असलेल्या माझ्या बहिणीने मला थिओडोर बिलरोथ यांच्याबद्दल सांगितलं.

29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात या जर्मन सर्जनने 43 वर्षांच्या थेरेझ हेलर यांच्या जठराचा कॅन्सर झालेला भाग कापून काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. त्याआधी 1879 मध्ये पेआँ आणि 1880 मध्ये रिडिगिएर यांनी हा प्रयत्न केला होता. दोघांचेही रुग्ण दगावले. हेलर मात्र वाचल्या, जेवू लागल्या. सुमारे चार महिन्यांनी कॅन्सरनेच त्यांचा मृत्यू झाला.

हे यश अचानक आलं नव्हतं. बिलरोथ यांच्या सहायकांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. शिवाय बिलरोथ यांना हिशेबाची सवय होती. झुरिकमधल्या 1860 ते 1867 या वर्षांतल्या कामाचा अहवाल त्यांनी मृत्यूंसकट छापला. अपयश लपवलं तर पुढचा डॉक्टर तीच चूक करेल, हे त्यांना कळत होतं.

पण याच माणसाने 1876 च्या पुस्तकात, व्हिएन्नात शिकायला येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांबद्दल विखारी लिहिलं. ज्यू कधी खरे जर्मन होऊच शकत नाहीत, असा त्याचा सूर होता. राष्ट्रवादी विद्यार्थ्यांना त्यातून बळ मिळालं. 'तुम्ही इथले नाहीच' हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे, म्हणून ते जास्त टोचतं. पुढे 1890 च्या दशकात बिलरोथ ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेच्या बाजूने उभे राहिले. तोवर पंधराएक वर्षं गेली होती.

मला त्यांना डोक्यावर घ्यायचं नाही आणि कचऱ्यातही टाकायचं नाही. ऑपरेशन टेबलावरच्या चुका त्यांनी लगेच मोजल्या, शब्दांच्या मोजायला उशीर केला.

आपलं काय? घरात, बैठकीत आपण दुसऱ्या धर्माबद्दल, आपल्यातल्याच 'खालच्या' समजल्या जाणाऱ्या बिरादरीबद्दल, शिकायला बाहेर पडलेल्या मुलींबद्दल काय बोलतो? आपल्यावर झालेला अन्याय आपण मोजतो, आणि मोजायलाच हवा. आपल्या तोंडून झालेलाही त्याच वहीत लिहूया. आणि कारण मोघम लिहायचं नाही.