नियम बदलला की ओरड होते, पण ओरड कशासाठी?



'मत मांडा, कारण द्या' हा उपक्रम भाषेच्या तासाला आपण सगळेच घेतो. विषय मात्र ठरलेले. मोबाईल शाप की वरदान, प्लॅस्टिकबंदी हवी की नको. मुलांची उत्तरं पाठ असतात. मला विचाराल तर फॉर्म्युला वनच्या नियमांवरून झालेली भांडणं घ्या. मोबाईलवर त्या शर्यती बघणारं एखादं मूल वर्गात असतंच, आणि त्या भांडणांचा निकालही लागून गेलाय. त्यामुळे कोण बरोबर होतं ते तपासता येतं.

पहिलं भांडण दुप्पट गुणांचं. शर्यत जिंकली की 25 गुण, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15, मग 12, 10, 8. पण 2014 च्या हंगामासाठी ठरलं, की अबुधाबीच्या शेवटच्या शर्यतीला सगळे गुण दुप्पट. चुरस शेवटपर्यंत टिकावी म्हणून. चाहते भडकले. वर्षभराच्या मेहनतीवर एका दिवशी पाणी पडेल, हा खेळ नव्हे तमाशा, असं त्यांचं म्हणणं.

हे गणिताच्या तासालाच घ्या ना! शेवटच्या शर्यतीआधी लुईस हॅमिल्टनचे 334 गुण, निको रोझबर्गचे 317. रोझबर्ग जिंकला असं धरा. जुन्या नियमाने त्याचे होतात 342. हॅमिल्टन सहावा आला तरी त्याचेही 342, आणि वर्षात जास्त शर्यती जिंकल्यामुळे विजेता तोच. नव्या नियमाने रोझबर्गचे 367. आता हॅमिल्टन तिसरा आला तर 364, म्हणजे हरला. त्याला दुसरं यायलाच हवं. मुलं हे आकडे फळ्यावर मांडतात तेव्हा 'अन्याय' हा शब्द आपण सांगावा लागत नाही.

प्रत्यक्षात हॅमिल्टन जिंकला, रोझबर्गची गाडी बिघडली, वाद टळला. पुढच्या वर्षी नियमही गेला. चाहत्यांचं बरोबर होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

2016 मध्ये पात्रता फेरीत ठरावीक वेळेनंतर दर दीड मिनिटाला सर्वात मागचा चालक बाद करायची पद्धत आणली. मेलबर्नला शेवटची मिनिटं मैदान रिकामं! दोन शर्यतींनंतर जुनी पद्धत परत आली. इथेही चाहतेच खरे.

आणि मग आला हेलो. चालकाच्या डोक्याभोवतीची टायटॅनियमची कमान, 2018 पासून सक्तीची. 2014 मध्ये जपानला झालेल्या अपघातात ज्यूल बियांकीच्या डोक्याला जबर मार बसला आणि पुढच्या वर्षी तो गेला. तरी चाहत्यांची ओरड अशी, की हे कुरूप दिसतं, चपलेच्या पट्ट्यासारखं! उघडी गाडी हीच या खेळाची ओळख, ती पुसली. काही चालकही विरोधात होते, त्यात रोमां ग्रोजाँ.

29 नोव्हेंबर 2020, बहारीन. पहिल्याच फेरीत ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले, आग लागली. अर्ध्या मिनिटाच्या आत तो स्वतः बाहेर आला. हात भाजले होते. आपण हेलोच्या विरोधात होतो, पण तो नसता तर आज बोलायला उरलो नसतो, असं त्याने दवाखान्यातून सांगितलं.

म्हणून 'चाहत्यांचं ऐकावं का?' हा प्रश्न मला वर्गात अपुरा वाटतो. पहिल्या दोन वेळी ते खेळातल्या न्यायाबद्दल बोलत होते, आणि वर्षानुवर्षं बघून न्याय त्यांना कळतो. तिसऱ्या वेळी ते दिसण्याबद्दल बोलत होते, आणि डोकं दुसऱ्याचं होतं. आवाज दोन्ही वेळी सारखाच मोठा.

पालकहो, हेल्मेटने केस बिघडतात ही तक्रार घरोघरी असते. तिथे 'गप्प बस, घाल' म्हणण्याआधी ग्रोजाँची गोष्ट सांगून बघा. शिक्षकांनी शाळेचाच एखादा नियम द्यावा, रांगेचा किंवा मैदानाच्या वेळेचा. विरोध करणाऱ्याने आपलं कारण न्यायाचं, सोयीचं की दिसण्याचं ते आधी लिहायचं, मग बोलायचं. माझ्या वर्गात त्या एका ओळीसाठीच सर्वात जास्त खाडाखोड होते.