वृद्धाश्रम नाही हो, रिहॅब आहे ते!

पोस्ट मोठी आहे आणि थोडी कडू लागेल. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण ही वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर येणार आहे.

आई किंवा बाबा बाथरूममध्ये घसरतात. खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन व्यवस्थित होतं. तीन-चार दिवसांनी हॉस्पिटलमधली केस मॅनेजर नर्सिंग फॅसिलिटींची यादी हातात देते आणि सांगते, काही आठवडे रिहॅबला पाठवा. आपलं उत्तर ठरलेलं असतं: "नाही नाही, आम्ही घरीच सांभाळू. आमच्यात आईवडिलांना असं टाकत नाहीत."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी "टाकणं" घ्या. मूल डे-केअरला "सोडतो", आणि आईला रिहॅबला "टाकतो"? माझ्या सासूबाई गेल्या वर्षी पाच आठवडे अशा फॅसिलिटीत होत्या, तेव्हा पुण्याहून फोन आला होता, "आश्रमात ठेवलंत म्हणे?" त्या फोनमध्ये त्यांच्या पायाबद्दल एकही प्रश्न नव्हता. वृद्धाश्रमात माणूस राहायला जातो, रिहॅबला परत यायला जातो. इमारत एकच असते, मान्य. कायमचे राहणारे एका मजल्यावर आणि रिहॅबचे दुसऱ्या, म्हणून घोळ होतो. पण त्या घोळापायी आईचे पाय गमवायचे का?

आता "आम्ही" घ्या. "आम्ही घरीच सांभाळू" यातलं "आम्ही" म्हणजे नक्की कोण? मी हिशोबाची बाई आहे, तास मोजते. उठवणं, बाथरूमला नेणं, कपडे बदलणं, औषधं, पथ्याचं जेवण. यातले किती तास मुलाचे आणि किती सुनेचे किंवा लेकीचे? संस्कृतीचं बिल नेहमी एकाच व्यक्तीच्या नावावर फाडायचं आणि सही मात्र सगळ्या घराची, हे मला मान्य नाही.

आणि सांभाळतो म्हणजे काय करतो? "उठू नको आई, मी देते." आपल्याकडे आराम देणं म्हणजे सेवा. शरीराचा हिशोब मात्र उलटा आहे. धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं बिछान्यात ठेवलं, तर पायांचे स्नायू सुमारे एक किलोने घटले, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. ते तर निरोगी लोक होते. मोडलेल्या खुब्याच्या आईला आपण "आराम कर" म्हणतो, तेव्हा रोज तिच्या खात्यातून काढतच असतो. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट साधारण आठवड्यातून दोन-तीनदा येतो. फॅसिलिटीत रिहॅबसाठी ठेवायचं, तर निदान पाच दिवस थेरपीची गरज आहे हे मेडिकेअरला दाखवावं लागतं. शिवाय तिथे फक्त चालायला शिकवत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आंघोळ, कपडे, स्वयंपाकघरात उभं राहणं शिकवतो. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळणंही तपासतो.

म्हणजे पाठवलं की आपलं काम संपलं? मुळीच नाही. इथे माझा दुसरा राग आहे, आणि तो फॅसिलिटीवाल्यांवर आहे.

१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत मेडिकेअर या फॅसिलिटींना बऱ्याच अंशी थेरपीच्या मिनिटांवर पैसे देत असे. आठवड्याला ७२० मिनिटं झाली की सर्वांत वरचा दर. साहजिकच मिनिटं वाढत होती, गरज असो वा नसो. त्या दिवसापासून पैसे पेशंटच्या स्थितीवर ठरू लागले. आमच्या भाषेत सांगायचं तर थेरपीचं मिनिट उत्पन्नाच्या बाजूला होतं, ते खर्चाच्या बाजूला गेलं. खर्चाचं काय होतं, हे कुठल्याही अकाउंटंटला विचारा. म्हणून तिथे रोज जाऊन विचारणारं माणूस हवं: आज किती मिनिटं? एकटीला की गटात? गटातली आणि दोघांना एकत्र दिलेली थेरपी मिळून पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा नियम आहे.

सासूबाईंच्या फाइलमध्ये पहिल्या आठवड्यात "स्मरणशक्ती कमी" अशी नोंद झाली. का? तीन इंग्रजी शब्द ऐकवून थोड्या वेळाने परत विचारले होते. ज्या बाई अख्खं विष्णुसहस्रनाम पाठ म्हणतात, त्यांना "सॉक" कळला नाही म्हणून विसरभोळ्या ठरवलं! दुभाषी फुकट मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, फोनवरून का होईना. आम्ही तो मागितला, चाचणी परत झाली, नोंद बदलली. जिची समज कमी असं लिहिलं जातं, तिच्याकडून अपेक्षाही कमी ठेवल्या जातात.

तर भावना बाजूला ठेवून हे लक्षात ठेवा:

१. मेडिकेअरसाठी हॉस्पिटलात सलग तीन दिवस "इनपेशंट" म्हणून दाखल असावं लागतं. "ऑब्झर्व्हेशन"चे दिवस धरत नाहीत. पहिल्याच दिवशी विचारा. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज असेल तर नियम वेगळे, आधी मंजुरीही लागू शकते.

२. मूळ मेडिकेअरमध्ये पहिल्या २० दिवसांचा खर्च पूर्ण मिळतो. २१ ते १०० दिवस रोज आपला हिस्सा, २०२५ मध्ये २०९.५० डॉलर. शंभर ही कमाल मर्यादा आहे, हमी नाही.

३. पहिल्या ४८ तासांत प्राथमिक केअर प्लॅन व्हायला हवा. त्याचा सारांश मागा आणि ध्येय आपलं सांगा: "घरात चौदा पायऱ्या आहेत," "देवपूजेला जमिनीवर बसते." बसणं आता चालणार नसेल, तर थेरपिस्ट दुसरी सोय शिकवेल.

४. "आता सुधारणा होत नाही" म्हणून थेरपी बंद करतात? २०१३ च्या जिमो खटल्यातल्या तडजोडीनुसार सुधारणा ही अट नाही. आहे ते टिकवायला प्रशिक्षित थेरपिस्ट लागत असेल, तरी मेडिकेअर खर्च देतं.

५. कव्हरेज संपण्याची नोटीस निदान दोन दिवस आधी मिळते. अपील आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत करायचं. फुकट असतं.

६. ग्रीन कार्डवरच्या आईवडिलांना साधारणपणे पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर तर नाहीच. त्यांची पॉलिसी विमानात बसण्याआधी ओळ न ओळ वाचा.

"पण आईला तिथे करमणार नाही." नाही करमणार. जेवणही बेचव असेल. मग डबा न्या, संध्याकाळी जाऊन बसा, नातवंडांना न्या, भजनं लावून द्या. हे सगळं प्रेमाचं काम आहे आणि ते आपलंच आहे. मोडलेल्या खुब्यावर माणूस उभं करणं हे कसबाचं काम आहे. ते ज्याला येतं त्याला करू द्या.

सासूबाई आज वॉकर घेऊन चालतात. बाथरूमला स्वतः जातात, दार लावून. ते लावलेलं दार म्हणजे त्यांची अब्रू आहे. पुण्याच्या फोनवर आपली अब्रू राखायची की आईची, हे प्रत्येकाने ठरवावं.