कपाटातील रोबोट आणि पुरून ठेवलेली थैली

केरळ राज्याने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी रोबोटिक्सचे शिक्षण सक्तीचे केले. गोव्यात सरकारी व अनुदानित शाळांतील सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 'केअर्स' ही कोडिंग व रोबोटिक्सची योजना २०२१ मध्येच जाहीर झाली होती. केंद्र सरकारच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. या घडामोडींचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि संच शाळेत पोहोचणे आणि शिक्षण मुलापर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञेवर जमिनीवर चालणारे यांत्रिक 'कासव' आले. आज्ञा चुकली की कासव भलतीकडे वळे. मग मूल स्वतः तशीच पावले टाकून आपली चूक शोधी. चूक ही शिक्षेची नव्हे, तर शोधून दुरुस्त करण्याची गोष्ट आहे, हा संस्कार त्यामागे होता. आज मात्र अनेक ठिकाणी मुले पुस्तिकेतील चित्राबरहुकूम भाग जोडतात, रोबोट काळ्या रेषेवरून धावतो, स्नेहसंमेलनात टाळ्या पडतात आणि संच पुन्हा कपाटात जातो. मोडेल या भीतीने कपाटाला कुलूप लागते.

म्हणूनच संच सुधारायचे तर पहिला निकष दुरुस्तीचा असावा. १९९८ पासून जगभरातील शाळांत पोहोचलेल्या 'लेगो माइंडस्टॉर्म्स' या संचाची विक्री कंपनीने २०२२ च्या अखेरीस बंद केली. एकाच कंपनीच्या खास भागांवर विसंबलेल्या शाळेची अशा वेळी अडचण होते. याउलट केरळच्या शाळांना दिलेल्या संचात आर्डुइनो हा खुल्या आराखड्याचा बोर्ड, एलईडी दिवे, लहान मोटारी, प्रकाश ओळखणारे सेन्सर, बझर व वायरी असे साधे भाग आहेत. वायर तुटली तर ती इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या दुकानातून आणता येते.

दुसरा निकष भाषेचा. मराठी माध्यमातील मुलाला सूचना मराठीतच मिळाव्यात; इंग्रजी अडली म्हणून तर्क अडता कामा नये. लहान वर्गांसाठी तर पडद्याचीही गरज नाही. बाणांची बटणे दाबून चालणारे खेळणे पुरेसे आहे. तिसरा निकष वाटणीचा. एका संचाभोवती दहा मुले जमली की दोघेच हात लावतात, आणि मुलींच्या वाट्याला बहुधा वही येते. तीन-चार मुलांचा गट व पाळीपाळीने काम, हा नियम संचाच्या पुस्तिकेतच असावा. आणि शिक्षकांना एका दिवसाच्या शिबिराऐवजी वर्षभर सोबत मिळावी.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. सुखवस्तू घरातील मूल खासगी वर्गात हे शिकेलच. शेतकऱ्याच्या, मच्छीमाराच्या, आदिवासी पाड्यावरील मुलासाठी शाळा हीच एकमेव वाट आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचे कारण सांगताना पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकाचे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांच्या रक्षणाचे आव्हान अधोरेखित केले. त्या रक्षणाचा आरंभ शाळेच्या बाकावरूनच होतो.

आपल्या धर्मग्रामांत आयटीआय झालेले तरुण आहेत, अभियंते आहेत, निवृत्त तंत्रज्ञ आहेत. महिन्यातील एक शनिवार त्यांनी जवळच्या शाळेला दिला, तर बंद पडलेले कितीतरी संच पुन्हा चालू होतील. मत्तयकृत शुभवर्तमानातील त्या दासाने धन्याची थैली उधळली नव्हती. भीतीने त्याने ती केवळ जमिनीत पुरून ठेवली होती. तरीही धन्याने त्याला जाब विचारलाच. आपल्या शाळांतील कपाटांच्या किल्ल्या आपण आता शोधायला हव्यात.