पाटी-पेन्सिलीची घाई कशाला? पोराची पहिली शाळा ओट्यावरच भरते

नामपूर (ता. बागलाण) : जून जवळ आला की मोसम खोऱ्यात घरोघरी दोन हिशेब एकदमच सुरू होतात. चाळीतला कांदा कधी काढायचा हा एक, अन् तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला कुठं घालायचं हा दुसरा. बऱ्याच घरांत पहिल्या हिशेबावर दुसरा ठरतो. भाव बरा निघाला तर पिवळी गाडी येणारी इंग्रजी शाळा, नाही निघाला तर गावची अंगणवाडी.

या दोन्हींच्या आधी एक तिसरी जागा असते, ती मात्र कोणी हिशेबात धरत नाही. ती म्हणजे स्वतःचं घर. सरकारचं सध्याचं धोरण बघितलं तर पोराच्या शिक्षणातला मोठा वाटा याच घरावर टाकलेला आहे. तो कसा, घराला तो पेलवतो का, अन् पेलायला काय लागतं, हे समजून घेण्याची वेळ आली आहे.

धोरणात काय बदललं?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाची सुरुवात तिसऱ्या वर्षापासून धरली. पहिलीच्या आधीची तीन वर्षं अन् पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा पायाभूत टप्पा केला. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असं त्याच धोरणात म्हटलं आहे. महाराष्ट्रात पहिलीला प्रवेश घेताना त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे पोराला लवकर पुढे ढकलून काही साधत नाही.

२०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे भरले. उड्या मारणं, वस्तू ओळखणं, चित्रावर बोलणं, वस्तू मोजणं असं करून घेतलं गेलं. वस्ती-वस्तीवर मातांचे गट झाले, त्यांनी घरी काय करून घ्यायचं ते सांगितलं गेलं. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ कार्यक्रम आणला. अंगणवाडी म्हणजे फक्त खाऊ, हे चित्र बदलावं हा त्यामागचा हेतू.

कागदावर हे सगळं बरोबर आहे. पण ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली तिसरीची जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. पोरं शाळेत जातात, पण पाया कच्चा राहतो. अन् हा पाया पहिलीच्या आधीपासून भरावा लागतो.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. बोर्डी अन् कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहेत. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा विचार होता. बाहेरच्या महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, खडे, शंख-शिंपले असं आजूबाजूला मिळणारं साहित्य त्यांनी वापरलं. देशात एकात्मिक बालविकास योजना आली ती १९७५ मध्ये, म्हणजे बोर्डीनंतर तीस वर्षांनी. या कामासाठी ताराबाईंना पद्मभूषण अन् अनुताईंना पद्मश्री मिळाली.

मग आज गावातल्या बापाला पाचशे रुपयांचं प्लास्टिकचं खेळणं म्हणजे शिक्षण का वाटावं?

घरात काय करता येईल?

वेगळा वेळ काढून ‘शिकवायला’ बसण्याची गरज नाही. रोजच्या कामात पोराला जवळ घ्यायचं अन् बोलत राहायचं.

• कांदा निवडताना : मोठा, मध्यम अन् गोल्टी असे तीन ढीग पोराला करू द्या. ‘हा कुठं जाईल?’ एवढंच विचारा. सारखं-वेगळं ओळखणं अन् लहान-मोठा क्रम लावणं, हेच गणिताचं पहिलं पाऊल आहे.

• जेवायला बसताना : ‘घरात किती माणसं? मग ताटं किती?’ एका माणसाला एक ताट, हे हाताने केल्यावर आकडा कळतो. एक ते शंभर नुसतं घोकणारं पोर पाच वाट्या आणायला सांगितल्या तर अडतं, हे कितीतरी घरांत दिसतं.

• भाकरी करताना : पिठाचा छोटा गोळा त्याच्या हातात द्या. वाटाण्याच्या शेंगा सोलू द्या, कोथिंबीर निवडू द्या. बोटांत ताकद आली की पेन्सिल आपोआप धरता येते.

• ओट्यावर : खडूने किंवा कोळशाने रेघोट्या मारू द्या. ओल्या मातीत काडीने गोल, उभी, आडवी रेघ काढू द्या. अक्षराची सक्ती नको.

• शेतात जाता-येता : ‘आधी काय दिसलं? मग काय दिसलं?’ विहीर, बाभळीचं झाड, मग डाळिंबाचा बाग. जे दिसलं ते ओळीने सांगता येणं म्हणजे गोष्ट सांगता येणं.

• झोपताना : आजीची एक गोष्ट. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तरी सांगा. मधेच थांबून ‘पुढं काय झालं?’ विचारा.

यात एक काळजी घ्यायलाच हवी. शेंगदाणे, हरभरे, मणी, बिया लहान पोरं नाका-कानात घालतात, नाहीतर घशात अडकवून घेतात. तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती अशा वस्तू देऊ नका, मोठ्या पोराजवळही माणूस बसलेला असावा. अन् औषध फवारणीचे रिकामे डबे, बाटल्या धुतलेल्या असल्या तरी खेळायला देऊ नका.

अहिराणीची लाज नको

या भागातल्या अनेक घरांत पोर ‘माझा’ म्हणत नाही, ‘मना’ म्हणतं. ‘आहे’ म्हणत नाही, ‘शे’ म्हणतं. शाळेत हसतील म्हणून आई-बाप त्याला दटावतात. काही घरांत तर मोडकं इंग्रजी बोलून ‘कम, सीट, इट’ चालतं. याने पोर इंग्रजी शिकत नाही, उलट आहे ते बोलणंही आखडतं घेतं.

घरच्या भाषेत भरपूर बोलणारं पोर पुढे दुसरी भाषाही लवकर पकडतं. लहान वयात शिकवणं होईल तिथं घरच्या भाषेतून व्हावं, असं नवं धोरणही सांगतं. तेव्हा आजीने अहिराणीत गोष्ट सांगावी, अंगणवाडीत ताईंनी तीच मराठीत सांगावी. पोराचं दोन्हीकडून भलंच होतं.

खरी अडचण वेळेची

घोडं अडतं ते इथं. सरकारी कार्यक्रमांत ‘आई घरी करून घेईल’ असं गृहीत धरलेलं असतं. पण कांदा काढणीच्या दिवसांत आई दिवस उगवायला वावरात असते. संध्याकाळी आल्यावर चूल, पाणी, गुरं. अंगणवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कृतीचा व्हिडिओ येतो, पण मोबाईल बहुतेक घरांत बापाच्या खिशात असतो. तो रात्री घरी येतो तेव्हा पोर झोपलेलं असतं. सुरगाणा-पेठकडून द्राक्षबागांवर कामाला येणाऱ्या मजूर कुटुंबांची पोरं तर ना गावच्या अंगणवाडीत असतात, ना कामाच्या गावच्या.

अन् जो मोबाईल शिकवायला म्हणून येतो, तोच पोराला गप्प बसवायला हातात दिला जातो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये यावर जगभरातले बालतज्ज्ञ भर देतात. दोन ते चार वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तासाची मर्यादा सांगितली, तीही जितकी कमी तितकी चांगली. तेव्हा कृतीचा व्हिडिओ आला तर तो मोठ्याने बघायचा अन् मोबाईल बाजूला ठेवून पोराबरोबर करायचा.

म्हणून हे काम एकट्या आईवर टाकून चालणार नाही. बापाने रात्रीची पंधरा मिनिटं द्यावीत. आजी-आजोबांनी गोष्टीचा वाटा उचलावा. ग्रामपंचायतीने अंगणवाडीला पाणी, सावली अन् साहित्य आहे का ते ग्रामसभेत विचारात घ्यावं.

घर हा अंगणवाडीला पर्याय नाही, हेही तितकंच खरं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा सुमारे पन्नास दिवस अंगणवाडी सेविकांचा संप चालला. तेव्हा घरी बसलेल्या पोरांचा खाऊ तर तुटलाच, पण सोबत्यांत खेळणं, वाटून घेणं, थांबून पाळी येऊ देणं हेही तुटलं. ते घरात एकट्याने शिकता येत नाही.

पालकांनी शाळेला काय विचारावं?

अंगणवाडी असो की इंग्रजी शाळा, पोर घालण्याआधी फी विचारता तसं आणखी तीन प्रश्न विचारा. दिवसातून किती वेळ खेळतात? गोष्ट कोणत्या भाषेत सांगतात? तीन वर्षांच्या पोराला लिहायला लावतात का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, वह्या भरून घेतो’ असं उत्तर आलं तर खूश होऊ नका.

कांद्याचं रोप वाफ्यात पुरतं तयार झाल्याशिवाय कोणी उपटून लावत नाही. कोवळं लावलं तर मर होते, हे नामपूरच्या शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. पोराच्या बाबतीत तेवढा दम धरला, अन् तोवर त्याच्याशी रोज बोलत राहिलं, तरी पहिलीच्या वर्गात त्याचं अर्धं काम झालेलं असेल.